लाल शाईबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

विषारी अळंबीवरचे उपचार आणि औषधांच्या डाव्या-उजव्या रेणूंचं पृथक्करण या विषयांवरचं आमचं प्रशिक्षण टिपण तुम्ही तपासून परत पाठवलंत. लाल शाई नाही असं एकही पान त्यात उरलेलं नाही. आभार खाजगीतही मानता आले असते, पण तुम्ही पकडलेल्या चुका इतरांच्या टिपणांतही सर्रास दिसतात, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिली खूण ‘मस्कारिन’ या अळंबीतल्या विषाच्या नावाभोवती होती. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेली ॲमानिटा मस्कारिया ही अळंबी चित्रांमुळे सगळ्यांच्या ओळखीची. श्मीडेबर्ग आणि कोप्पे यांनी 1869 मध्ये मस्कारिन तिच्यातूनच वेगळं केलं, नावही तिच्यावरूनच पडलं. प्रत्यक्षात ते तिच्यात नगण्य असतं. तिच्यामुळे येणारी गुंगी, भ्रम, झटके हे आयबोटेनिक आम्ल आणि मस्सिमॉल यांचं काम. नावाला भुलून अशा रुग्णाला ॲट्रोपिन, म्हणजे मस्कारिनवरचा उतारा, टोचलं तर भ्रम वाढायचीच भीती. मस्कारिन भरपूर असतं ते इनोसायबी आणि क्लिटोसायबी या दुसऱ्या अळंब्यांच्या काही जातींत. ती खाल्ल्यावर 15 मिनिटं ते 2 तासांत घाम, लाळ, डोळ्यांना पाणी, बारीक बाहुल्या, मंद नाडी आणि छातीत घरघर सुरू होते. ‘बाहुल्या मोठ्या होईपर्यंत ॲट्रोपिन द्यावे’ हे आमचं वाक्य खोडून तुम्ही ‘छातीतले स्राव आटेपर्यंत’ असं केलंत. प्रौढांना शिरेतून 1 ते 2 मिग्रॅ, मुलांना किलोमागे 0.02 मिग्रॅ, आणि गरजेप्रमाणे पुन्हा. बाहुल्यांच्या मागे लागलं की रुग्णाला ॲट्रोपिनचीच बाधा होते.

त्याच ओळीच्या समासात तुम्ही विचारलंत: ‘कुपीत नक्की काय आहे?’ खरं सांगायचं तर टिपणाचा दुसरा भाग या एका प्रश्नामुळे उभा राहिला. ॲट्रोपिन म्हणजे हायोसायमिनच्या दोन आरसाप्रतिमांचं निम्मं-निम्मं मिश्रण. मस्कारिनच्या ग्राहीवर जवळजवळ सगळं काम त्यांपैकी एक, म्हणजे एस-रूप, करतं. डोस मिश्रणाच्याच हिशेबाने ठरलेले असल्यामुळे उपचारात काही बदलायचं नाही. पण शुद्ध एस-हायोसायमिन कुणी त्याच आकड्याने मोजलं तर परिणाम साधारण दुप्पट. वनस्पतीत मुळात एस-रूपच असतं. अल्कली आणि उष्णता मिळाली की ट्रोपिक आम्लाच्या भागातला एक हायड्रोजन सुटतो आणि परत बसताना आपली बाजू विसरतो. म्हणून नमुना पीएच चढवून तासन्‌तास गरम ठेवला, तर कॉलमवर (रेणू वेगळे करणाऱ्या नळीवर) दिसलेलं आर-रूप, म्हणजे दुसरी आरसाप्रतिमा, नमुन्यातून आलेलं की आपल्याच चंचुपात्रात तयार झालेलं, हे सांगता येत नाही. निष्कर्षण थंडपणे आणि चटकन उरका, हा तुमचा शेरा आता ठळक अक्षरात आहे.

साध्या सी-18 कॉलमवर ही दोन रूपं एकाच पीकमध्ये, म्हणजे आलेखातल्या एकाच शिखरात, येतात. त्यांच्यासाठी कॉलमही एकाच बाजूचा लागतो, उदाहरणार्थ अल्फा-1 ॲसिड ग्लायकोप्रोटीन या प्रथिनाचा. त्याची धारणक्षमता फार कमी. नमुना जरा जास्त टोचला की दोन्ही पीक फुगून एकमेकांत शिरतात. अमायलोजच्या कॉलमबद्दल तुम्ही लिहिलेला इशारा आम्ही चौकटीत टाकला आहे: भरणावर नुसता लेप असेल तर टेट्राहायड्रोफ्युरान, क्लोरोफॉर्म, ॲसिटोन यांचा थेंबही नको, लेप धुऊन निघतो आणि कॉलम कायमचा जातो. नमुना मोबाईल फेजमध्येच, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवातच, विरघळवायचा. आधी रेसिमिक, म्हणजे निम्मं-निम्मं, मिश्रण चालवून दोन पीकची क्षेत्रफळं समान येतात का ते बघायचं. ती येत नसतील तर पुढचे सगळे आकडे व्यर्थ. आणि शक्य असेल तर नको असलेलं रूप आधी बाहेर येईल असा कॉलम निवडायचा, नाहीतर मोठ्या पीकच्या शेपटीत अर्धा टक्का सहज दडून बसतो.

आरसाप्रतिमा स्फटिकांनी वेगळ्या करायच्या प्रात्यक्षिकात मात्र आमची घाई उघडी पडली. 450 मिली उकळत्या मिथेनॉलमध्ये सुमारे 31 ग्रॅम (+)-टार्टारिक आम्ल, त्यात दोन्ही रूपांचं मिश्रण असलेलं 25 ग्रॅम 1-फिनिलइथिलअमिन अगदी हळूहळू, नाहीतर फसफसून उतू जातं. इथपर्यंत ठीक होतं. पुढे आम्ही ‘बर्फात ठेवावे’ लिहिलं होतं. तुम्ही ते आडवं कापलंत: खोलीच्या तापमानाला 24 तास, हलवायचं नाही. जाड, प्रिझमसारखे स्फटिक आले तर एस-अमिनचं क्षार हाती लागलं. सुयांसारखे पांढरे स्फटिक दिसले तर त्यांची शुद्धता कमी. ते सरळ गरम करून विरघळवायचे, प्रिझमचा एक कण बीज म्हणून टाकायचा आणि पुन्हा थांबायचं. एकाच बाजूच्या आम्लाशी जुळल्यावर दोन क्षार एकमेकांच्या आरसाप्रतिमा राहत नाहीत, म्हणून त्यांची विद्राव्यता वेगळी होते. सगळी करामत एवढीच. मूळ मिश्रणातून जास्तीत जास्त निम्मंच मिळणार, हेही विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेलं बरं.

याच कारणाने सायलिबिनिनबद्दलचा, म्हणजे डेथ कॅप अळंबीच्या विषबाधेवरच्या औषधाबद्दलचा, आमचा परिच्छेद चुकला होता. त्यातली सायलिबिन ए आणि बी ही रूपं एकमेकांच्या आरसाप्रतिमा नाहीत, त्यामुळे साधा सी-18 कॉलमही त्यांना वेगळं करतो. महागडा कायरल, म्हणजे एकाच बाजूचा, कॉलम वाया घालवायची गरज नाही.

डेथ कॅपच्या, म्हणजे ॲमानिटा फॅलॉइडिसच्या पानावर तुम्ही रसायनशास्त्र जवळजवळ सगळं काढून टाकलंत, आणि ते योग्यच होतं. तिच्यातलं विष, अमाटॉक्सिन, शिजवून नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब 6 तासांनंतर सुरू झाले तर तेच गृहीत धरायचं. एकाच जेवणात दोन जाती असतील तर लवकरच्या लक्षणांमुळेही निर्धास्त व्हायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्णाला बरं वाटतं तेव्हाच यकृताचे आकडे चढत असतात. सलाईन भरपूर, सक्रिय कोळसा दर 4 तासांनी, कारण विष पित्तातून पुन्हा आतड्यात येतं, सायलिबिनिन किलोमागे 5 मिग्रॅ एका तासात, मग दिवसाला किलोमागे 20 मिग्रॅ सतत, ॲसिटिलसिस्टीन किलोमागे 150 मिग्रॅ एका तासात, 50 चार तासांत, 100 सोळा तासांत. यकृत प्रत्यारोपण केंद्राला फोन रक्त गोठेनासं झाल्यावर नाही, त्याआधी. लघवीचा नमुना पहिल्या दीड दिवसातला, उरलेली अळंबी कागदी पिशवीत, आणि अहवालासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

तुमच्या सगळ्या दुरुस्त्या घेतल्या, एक सोडून. वर्तमानपत्राच्या कागदावर अळंबीचा रस पिळून, वाळवून, त्यावर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकायची अमाटॉक्सिनची चाचणी तुम्ही रस नसलेल्या जागेवरच्या तुलनेसह ठेवायला सुचवलीत. रसायन म्हणून ती सुंदर आहे. कागदातल्या लिग्निनमुळे निळा रंग येतो. पण ऊन लागलं की कागद आपणहून निळसर होतो, सायलोसिन हे दुसऱ्या अळंब्यांतलं भ्रमकारी द्रव्यही फसवतं, आणि निळं दिसलं नाही की कुणीतरी रुग्णाला घरी पाठवतं. ती आम्ही काढली आहे. तुमचा राग येणार हे गृहीत धरून नवी प्रत सोबत पाठवत आहोत; समास मुद्दाम रुंद ठेवले आहेत.

आपले ऋणी,
टिपणाचे लेखक