आराखड्यावर सही घेण्याआधी रुग्णाला विचारा

मा. संपादक,

आरोग्य केंद्राच्या कामाच्या आराखड्याचे कागद तयार झाले की केंद्राचा कारभार पाहणाऱ्या रुग्ण कल्याण समितीची बैठक लागते. रुग्णांचा प्रतिनिधी सही करतो, चहा घेतो आणि घरी जातो. २००५च्या ग्रामीण आरोग्य अभियानात समितीला दिलेले स्थान एवढ्यापुरते नव्हते.

आधी विचारले तर काय कळते? रक्तदाबाच्या गोळ्यांच्या १०च्या तीन पट्ट्या देऊन कार्डावर ‘३० दिवसांनी या’ असे लिहितात. पण जतच्या पूर्व भागातल्या वस्तीवरचा माणूस आठवडी बाजारालाच बाहेर पडतो, कारण वडाप (खासगी प्रवासी गाडी) त्याच दिवशी हमखास मिळते. गुरुवारी सुरू केलेल्या गोळ्या शुक्रवारी संपतात आणि पुढचा गुरुवार उजाडेपर्यंत पाच दिवस कोरडे जातात. मग नोंद पडते, ‘रुग्ण नियमित नाही’! कार्डावर चार आठवड्यांनंतरचा तोच वार लिहिला तर दोन गोळ्या शिल्लकच राहतात. खर्च शून्य. साखरेचेही तसेच. उपाशीपोटी रक्त दिले की जेवणानंतर दोन तासांनी पुन्हा द्यायचे असते, तोवर परतीची गाडी गेलेली असते. उपाशीपोटीची तपासणी उपकेंद्रात उरकता येईल.

‘सेवा कशी वाटली?’ असे केंद्रातच विचारल्यावर ‘बरी हाय की, सायेब’ हेच उत्तर येणार. उद्या तिथेच औषध घ्यायचे असते. दहा-बारा रुग्णांना वस्तीवर गाठून किती वाजता निघालात, केसपेपर कधी निघाला, कोणती गोळी बाहेरून आणली, घरी कधी पोचलात, एवढेच क्रमाने विचारावे. पूर्व भागात कन्नड बोलणारा माणूस सोबत हवा. बायकांची बैठक वेगळी घ्यावी. क्षयरोगासारख्या आजाराची विचारपूस चारचौघांत तर नकोच.

राज्यात २००७मध्ये पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबादेत लोकाधारित देखरेख, म्हणजे आरोग्यसेवेवर लोकांनीच लक्ष ठेवण्याची पद्धत, सुरू झाली. त्या पहिल्या यादीत सांगली नव्हती, पण एवढी विचारपूस करायला यादीत नाव कशाला लागते?

समितीत एकटा रुग्ण गप्पच बसतो, म्हणून किमान दोघे घ्यावेत. त्यांची त्या दिवसाची मजुरी बुडते. गाडीभाडे तरी द्यावे. काय सुचवले, काय झाले, काय जमले नाही आणि का, हे केसपेपरच्या खिडकीशेजारी मोठ्या अक्षरांत लावावे. यातले ‘का’ नेमके गाळले जाते, आणि पुढच्या बैठकीला मग कोणी येत नाही.

— काही आरोग्य कार्यकर्ते, जत (जि. सांगली)