नलू, पानदानाबद्दल

लातूर,
रविवार रात्र

प्रिय नलू,

मार्चपासून तुझे फोन मी उचलले नाहीत, त्याला कारण माईंचं बिदरी पानदान, ते बीदरच्या कारागिरीचं, काळ्या धातूवर चांदीची फुलं जडवलेलं. पाडव्याच्या साफसफाईत ते तांब्याच्या भांड्यांबरोबर चिंचेच्या पाण्यात गेलं. दहा मिनिटांत बाहेर काढलं, तोवर अर्धं झाकण राखाडी पडलं होतं. चांदी तेवढी लखलखीत. रखमाबाईंना बोल लावू नकोस, भांड्यांच्या मांडणीवर ते मीच ठेवलं होतं. तुझ्या सासरच्यांना हे सांगितलं तर "नवं घ्या की" म्हणतील, म्हणून तुलाच लिहिते आहे. माझी तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो, चालायचंच.

बिदरीचं काळं म्हणजे रंग नव्हे गं. वस्तू ओतलेली असते सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं यांची, आणि काळेपणा हा त्या धातूच्याच अंगावर चढवलेला पातळ थर. आंबट पाणी तो थरही खातं आणि खालचं जस्तही. लिंबाचं तेच, भांडी घासायच्या पावडरीचंही तेच. चुनासुद्धा जस्ताला खातो. माई चुन्याची डबी पितळेची ठेवायच्या आणि तीही पानदानाबाहेर. तू त्याला हट्ट म्हणायचीस. आता बोल!

काळं परत चढवता येतं. म्हणून पानदान घेऊन बीदरला चौबाऱ्याजवळच्या कारागिराकडे गेले. त्यांनी ते हातात घेऊन आधी वजन पाहिलं, मग झाकण उजेडाकडे तिरपं धरून बोटाने फुलाच्या कडा चाचपल्या. "ही तारकशी नाही, पत्र्याचं काम आहे," म्हणाले, "घासायला भीती वाटते."

घासायचं का, ते सांगते. नवी वस्तू करताना एरंडेल आणि राळ घालून मळलेल्या मातीच्या साच्यात धातू ओततात, कानशीने गुळगुळीत करतात आणि मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात. हे पहिलं काळं फक्त नक्षीची रेघ डोळ्यांना दिसावी म्हणून. मग छिन्नीने चर खणायचे आणि त्यात शुद्ध चांदीची तार किंवा पत्रा हातोडीने ठोकून बसवायचा. चर उथळ राहिला तर तार पुढे कधीतरी सुटतेच. त्यानंतर पुन्हा घासकाम. त्यात पहिलं काळं निघून जातं आणि जस्त न् चांदी इतकी सारखी दिसतात की नक्षी शोधावी लागते. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली माती. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस न लागलेल्या जुन्या बांधकामातली ती हवी, कारण तिच्यातला सोरा टिकून असतो. कारागीर जिभेवर ठेवून चव बघून निवडतात. ती नवसागर घालून पाण्यात उकळायची आणि किंचित तापवलेली वस्तू त्यात बुडवायची. जस्त काळंठिक्कर पडतं, चांदीला धक्काही लागत नाही. धुऊन, पुसून वर तेलाचा हात.

आपलं अडलंय ते मधल्या घासकामावर. जुन्या तेलाचा, आंबटाचा अंश राहिला तर काळ्याला ठिगळं पडतात, म्हणून झाकण आधी कोऱ्या धातूपर्यंत न्यावं लागतं. आणि मुठीलगत, जिथे माईंचा अंगठा पडायचा, तिथल्या तीन पाकळ्यांची चांदी कागदाइतकी उरली आहे. पॉलिश पेपर दोनदा फिरला की गेलीच. नवा पत्रा बसवता येतो, वस्तू देखणीही होईल. पण त्या तीन पाकळ्या मग माईंच्या राहणार नाहीत. दुसरा मार्ग असा की झाकणाला हातच लावायचा नाही, नुसतं तेल पुसून ठेवायचं. माझं मन तिकडे ओढतंय, पण वस्तू तुझी आहे.

चिनूचं जमलं हे वाचून फार बरं वाटलं, मुलीचा फोटो पाठव. भाऊजींचे टाके निघाले ना?

डिसेंबरात येशील तेव्हा उदगीरहून रेल्वेनेच बीदर गाठ, माईंच्या माहेरीही डोकावता येईल. किल्ला सकाळी. रंगीन महालाला कुलूप असलं तर जवळच्या जुन्या हमामातल्या संग्रहालयात विचार आणि उघडून घेतल्याशिवाय हलू नकोस. आतल्या दालनात काळ्या दगडात शिंपल्यांची नक्षी जडवली आहे. काळ्या जमिनीवर पांढरी वेल, म्हणजे आपलं पानदानच भिंतीवर! मग बहमनी वजीर महमूद गवानचा मदरसा. तो १४७२ चा. १६९६ साली वीज पडून तिथल्या दारूगोळ्याचा भडका उडाला, त्यात पुढची बाजू ढासळली. दोनपैकी एकच मिनार उरला आहे, त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा जवळ जाऊन बघ. तो बांधणाऱ्या गवानला १४८१ मध्ये बनावट पत्रावरून मारलं, हे आठवलं की तिथे उभं राहवत नाही.

अष्टूर, म्हणजे बहमनी सुलतानांच्या कबरी, दुपारनंतर, आणि या वेळी वाद नको. मागे तुझ्या हट्टापायी आपण ते आधी केलं आणि रंगीन महाल बंद झाला. अहमदशाह वलीच्या कबरीत छतापर्यंत रंगकाम आहे, पण आत अंधार असतो, चांगली बॅटरी ने. शेजारी हुमायूनच्या (बहमनी, मोगल नव्हे) कबरीचा घुमट वीज पडून अर्धा उडाला आहे, त्यामुळे आतलं विटांचं काम उघडं दिसतं. विठू महार दामाजीपंतांचे पैसे घेऊन बेदरच्या दरबारात कुठल्या दरवाज्याने शिरला, त्यावरून आपला आठवडाभर अबोला होता. मी अजूनही किल्ल्याचा शरझा दरवाजाच म्हणते.

चिनूसाठी काही घेणार असशील तर आधी हातात तोलून बघ. जस्त जड असतं, हलकी लागली तर ॲल्युमिनियमवर रंग दिलेला समज. तळाला नखाने खरवड, रंगाचे पापुद्रे निघतात, बिदरीचं काळं निघत नाही. तारेच्या टोकावरून बोट फिरव, अडकलं तर तार नीट बसलेली नाही. आणि नेताना कपड्यांत गुंडाळ. जस्त ठिसूळ असतं, फरशीवर पडलं की तडकतं आणि तो सांधा नीट जुळत नाही.

पानदान सध्या त्यांच्याकडेच आहे, कोरड्या फडक्यात. तुझा निरोप येईपर्यंत कानस लावू नका असं सांगून आले आहे. ते महिनाअखेरपर्यंत थांबतील. पाकळ्यांचं काय करायचं ते त्याआधी कळव.

तुझी,
शैला