गिनीपिग एकटा नको, आणि पटत नसेल तर निदान शेजारी तरी ठेवा

मा. संपादक यांना,
स.न.वि.वि.

सुट्टीत मुलांना कुठला प्राणी आणून द्यावा यावर तुमच्या पुरवणीत जे आलं होतं त्यात गिनीपिगबद्दलही चार ओळी होत्या, छोटा असतो, शांत असतो, सहसा चावत नाही, वन बीएचकेमध्ये सहज मावतो, तर एखादा आणून बघा. बाकी सगळं ठीक आहे पण त्या ‘एखादा’ या शब्दाला माझा आक्षेप आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापून छापलंत तरी चालेल, फक्त खाली जाळीबद्दल लिहिलंय ते कापू नका प्लीज, कारण लोक नेमके तिथेच अडकतात.

गिनीपिग हा मुळात कळपात राहणारा प्राणी. पेरू, बोलिव्हियाकडच्या अँडीज डोंगरातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी पाळायला घेतला, तिकडे त्याला कुई म्हणतात आणि खातातही (सॉरी, पण खरं आहे), आणि तिथेसुद्धा स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते घोळक्यानेच राहत आले. म्हणजे ज्यांना तो शेवटी खायचाच होता त्यांनीही त्याला एकटा ठेवला नाही आणि आपण लाडाने बेबी बेबी करत आणतो आणि एकटा ठेवतो. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून कायदाच आहे, गिनीपिग पाळायचा तर कमीत कमी दोन. त्यातून तिकडे एक मजेशीर प्रॉब्लेम झाला, दोघांपैकी एक म्हातारा होऊन गेला की उरलेल्यासाठी नवीन आणायचा, मग पहिला गेला की त्या नव्यासाठी अजून एक, ही साखळी संपणार कधी? तर तिथल्या एका बाईंनी चक्क गिनीपिग सोबतीला भाड्याने द्यायला सुरुवात केली, आपला प्राणी जगेल तोवर ठेवा आणि मग परत आणून द्या. हसू येतं ऐकून पण विचार किती सरळ आहे बघा.

आता लगेच कोणीतरी म्हणेल आम्ही आहोत की त्याला सोबत. कुठे आहात? सकाळची लोकल पकडून गेलात की रात्री आठला घरी, मुलं शाळेत मग क्लासला, आणि हा प्राणी आपल्यासारखा सलग आठ तास झोपत नाही, थोडं झोपायचं थोडं खायचं असं त्याचं दिवसरात्र चालू असतं, म्हणजे आपण रात्री घोरत असतो तेव्हाही तो जागाच. शिवाय फ्रीज उघडल्यावर किंवा कोथिंबिरीची पिशवी वाजली की जी जोरदार शिट्टी मारतो ना ती माणसासाठी, खाऊ मागायला. एकमेकांशी त्यांचं बोलणं वेगळंच, हळू आवाजात सतत कुटकुट चालू, ते आपल्याला जन्मात जमणार नाही. आरसा लावा, टेडी ठेवा हे सल्लेही फुकटचे. आणि सोबत म्हणून ससा तर अजिबात नको, दुकानात दोघं एकाच पिंजऱ्यात दिसतात म्हणून लोकांना वाटतं जमतं, पण सशाची एक लाथ बसली तर गिनीपिगचं हाड मोडतं, सशाला काही न होणारे जंतू याला न्यूमोनिया करू शकतात, आणि दोघांचं खाणंही सेम नाही, गिनीपिगला आपल्यासारखंच शरीरात व्हिटॅमिन सी बनवता येत नाही, ते रोज ढोबळी मिरची वगैरेतून द्यावं लागतं.

म्हणजे दोन घ्यायचे. इथे दुसरी भानगड सुरू होते. दुकानदार छातीठोकपणे सांगतो दोन्ही माद्याच आहेत ताई, आणि दोन महिन्यांनी पिंजऱ्यात केसाळ, डोळे उघडलेली, लगेच पळणारी पिल्लं. मादी महिन्याभराची असतानाही गाभण राहू शकते, व्यायल्यावर काही तासांत पुन्हा राहू शकते, आणि तिची पहिली वेळ सहा-सात महिन्यांच्या पुढे गेली तर कमरेचं हाड पक्कं झाल्यामुळे पिल्लू अडकून जीव जायची भीती. म्हणून आणल्या आणल्या गिनीपिग कळणाऱ्या डॉक्टरकडून नर की मादी हे बघून घ्या, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पेट शॉपसाठी २०१८ चे केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, ती आहे का हे विचारायची तरी सवय लावून घेऊ या.

समजा दोन नर घेतले. लहानपणी एकमेकांवर पाय टाकून झोपतात, मग तीन-चार महिन्यांचे झाले की पुढे वर्षभरापर्यंत कधीही वाजू शकतं. ढुंगण हलवत घुर्र घुर्र करत गोल फिरणं, एकमेकांवर चढणं, ढकलाढकली, हे सगळं नॉर्मल आहे, मोठा कोण ते ठरवणं चालू असतं, दर दोन मिनिटांनी मध्ये पडून सोडवू नका नाहीतर ते ठरतच नाही. पण दात कडकड वाजवत, अंगावरचे केस फुगवून समोरासमोर उभे राहिले तर सावध व्हा, आणि रक्त आलं तर लगेच वेगळे करा, तेही हाताने नाही, जाड टॉवेल टाकून किंवा केराचं सुपडं मध्ये घालून, नाहीतर तुमचंच बोट जाईल.

आमच्या बंड्या आणि चिकूचं हेच झालं, चिकूच्या कानाचा तुकडा गेला आणि त्यानंतर काही केल्या दोघं एकत्र राहीनात. सगळीकडून एकच सल्ला, एक देऊन टाका किंवा दुसऱ्या खोलीत ठेवा. दोन्ही नको. शेजारी ठेवा, मधे फक्त जाळी. चाळीत जसं भांडण झालं तरी दारं समोरासमोरच असतात आणि संध्याकाळी एकमेकांच्या घरात काय शिजतंय ते कळतंच, तसं. वास येतो, दिसतं, ऐकू येतं, बोलणं चालू राहतं, फक्त चावता येत नाही. बंड्या अजूनही जाळीला टेकूनच झोपतो आणि पलीकडे चिकूही, आणि चुकून दार उघडं राहिलं तर दोन मिनिटांत युद्ध, हे मला अजून नीट समजलेलं नाही पण आहे हे असं आहे.

जाळी कशी करायची ते सांगते. कपाटासारखे खण बनवायला तारेच्या चौकोनी जाळ्यांचा सेट ऑनलाइन मिळतो तो घ्या, केबल टायने बांधा, खाली सनपॅक शीट (पुठ्ठ्यासारखी पोकळ प्लॅस्टिकची शीट), फ्लेक्स बॅनरवाल्याकडे कापून मिळते. जाळीची भोकं दीड इंचापेक्षा मोठी नकोत आणि पिल्लं असतील तर एक इंचच, नाहीतर डोकं अडकतं. मधली भिंत पूर्ण जाळीचीच हवी, अर्ध्यात पुठ्ठा लावला तर अर्थच गेला. पण एका पिंजऱ्याचे दोन भाग करून भागवू नका, दोघांना मिळून निदान साडेसात चौरस फूट सांगतात ते एकत्र राहणाऱ्यांसाठी, भांडणाऱ्यांना प्रत्येकाला पुरेसं स्वतःचं घर, स्वतःची बाटली, स्वतःचं लपायचं खोकं हवं. सुक्या गवताचा ढीग मात्र दोन्हीकडे जाळीला लागूनच टाका म्हणजे खाताना शेजारी बसतात, आणि दिवसाचा बराच वेळ त्यांचा खाण्यातच जातो. जाळीतूनही नाकाला चावायला बघत असतील तर काही दिवस दोन जाळ्या लावून मधे चार बोटं अंतर ठेवा. आणि नरांच्या शेजारी माद्यांचा पिंजरा ठेवू नका, मादीचा वास आला की इतके दिवस गुण्यागोविंदाने राहणारे दोन नरही एकमेकांचे वैरी होतात.

शेजारी ठेवायचा उपयोग फक्त भांडणासाठी नाही. नराचं नसबंदीचं ऑपरेशन करून त्याला मादीसोबत ठेवणं ही खरं तर सगळ्यात शांत जोडी, पण ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे तो बाप होऊ शकतो, तेवढे दिवस जाळीशेजार (वर झाकण लावून, त्याला उडी मारता येत नाही या भ्रमात राहू नका). एक आजारी असेल, खातोय का, लेंड्या टाकतोय का हे मोजून बघायचं असेल तरीही जाळी, पूर्ण वेगळं केलं तर परत एकत्र आणताना ओळख पहिल्यापासून. फक्त एक, बाहेरून नवीन आणलेला असेल तर पहिले दोन आठवडे जाळीसुद्धा नको, दुसऱ्या खोलीत ठेवा, सर्दी, उवा, गजकर्ण असं बरंच काही दुकानातून सोबत येतं.

उन्हाबद्दल थोडक्यात, पिंजरे बाल्कनीत नकोत. सत्तावीस-अठ्ठावीस डिग्रीच्या पुढेच यांना त्रास सुरू होतो, आपल्याकडे मे महिन्यात काय असतं ते सांगायला नको, नागपूर-अकोल्याच्या लोकांनी तर कूलर किंवा एसीची सोय असेल तरच या वाटेला जावं.

आणि हे सगळं वाचून कोणाला वाटलं बापरे एवढं, दोन पिंजरे, दुप्पट गवत, पाच ते आठ वर्षं, आम्हाला नाही झेपणार, तर उत्तम, त्यांनी गिनीपिग आणू नये, एक आणणं हा त्यावरचा मधला मार्ग नाही. पुढच्या सुट्टीत तुम्ही तो लेख पुन्हा छापाल तेव्हा एवढी एक ओळ बदला ही विनंती, आणि सोबत पिंजऱ्याचा फोटो छापणार असाल तर त्यात दोन दाखवा.

आपली नियमित वाचक,
ठाणे