सूचना : सेवादौऱ्याआधीची शेवटची बैठक

प्रभूमध्ये प्रिय बंधुभगिनींनो,

येत्या रविवारी उपासना संपताच चर्चच्या सभागृहात बैठक आहे. दौऱ्यावर निघणाऱ्या सगळ्यांनी थांबायचे आहे. आईवडील आले तर उत्तमच.

• पासपोर्ट आणा. त्याची मुदत किमान 6 महिने शिल्लक हवी. अनेक देश तेवढी मागतात.
• पीतज्वराची लस निघण्याच्या निदान 10 दिवस आधी घ्या, लस घेऊन 10 दिवस होईपर्यंत तिचे प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. हे प्रमाणपत्र, म्हणजे पिवळे कार्ड, हातातल्या पिशवीतच ठेवा. मागच्या वेळी मी ते मोठ्या बॅगेत टाकले आणि विमानतळावर घाम फुटला.
• मुलांचे फोटो पालकांच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत.

एकट्याने कुठेही फिरू नका. बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात प्रभूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, आणि पुढ्यात येईल ते खा असेही बजावले. तेव्हा जेवणाची कुरकुर नको!

आणि हो, तिथला दिवस नुसता भाषणांचा नसतो. पाणी भरणे, भांडी घासणे, मुलांशी खेळणे, न येणाऱ्या बसची वाट पाहणे हेच जास्त. त्या तयारीने या.

बैठकीला जमणार नसेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत मला कळवा.

– गटप्रमुख