चढायजोगा दगड कसा शोधते

बॉयसी, आयडाहो, अमेरिका
9 फेब्रुवारी

ती. आई-बाबांस सा. न.

रविवारी फोनवर मी 'बेसॉल्ट' म्हणाले आणि बाबांना 'बस उलटली' ऐकू आलं. मग कोणती बस, कुठे, कुणाला लागलं, यातच फोन संपला. बाबांचा मूळ प्रश्न मात्र चांगला होता, तो वाया जायला नको म्हणून लिहायला बसले. आई, तू मोठ्यानं वाचून दाखव. वाचताना राग आला तर तेवढं मनात वाच.

बाबांनी विचारलं होतं, "एवढ्या अफाट मुलखात चढायजोगा दगड तुम्हाला सापडतो कसा?" आणि तुझं नेहमीचं, "एकटी जातेस का?" बाबांचं आधी घेते, कारण तुझं निम्मं उत्तर त्यातच आहे.

मी करते त्यात दोन प्रकार आहेत. एक दोर लावून कडा चढायचा, तो तुम्ही सह्याद्रीत पाहिलाय. दुसरं बोल्डरिंग. यात दोर नाही, हारनेस म्हणजे दोर अडकवायचा कमरेचा पट्टा, तोही नाही. दोन-चार माणसं उंच असा सुटा धोंडा, खाली जाड गादी, हाताचा घाम टिपायला पांढरी पूड. मूठभर हालचाली असतात, पण त्या जमायला कधी कधी अख्खा हंगाम जातो. हे वेड इकडे रुजवलं ते एका गणिताच्या प्राध्यापकानं. जॉन गिल त्यांचं नाव. तरुणपणी जिम्नॅस्टिक्स करायचे. 1950 च्या दशकात जिम्नॅस्ट लोकांची ती पूड त्यांनीच दगडावर आणली आणि वायोमिंगमधल्या टीटन पर्वताच्या पायथ्याचे धोंडे गणितासारखे सोडवत बसले. बाकीचे मोठ्या शिखरांकडे बघत होते, तेव्हा हे गृहस्थ तंबूशेजारच्या दगडाशी झटत होते. बाबा, तुमचं आणि त्यांचं जमलं असतं.

आता शोधण्याचं. आधी पाऊस बघायचा. समुद्राकडून येणारे ढग पश्चिमेच्या डोंगररांगांवरच रिकामे होतात आणि आत आमच्याकडे पोचतं ते कोरडं वारं. बॉयसीत वर्षाला जेमतेम 300 मिलिमीटर पडतो. त्यापुढे आपला माण-खटावसुद्धा ओला म्हणायचा. त्यामुळे झाडोरा नाही, शेवाळ नाही, दगड उघडाच असतो. आपल्याकडे चार महिने धुकं आणि घसरण, मग गुडघाभर गवत, मग ऊन. इथे गाडीतून जातानाच जमिनीची हाडं दिसतात.

पण दिसणारा सगळा दगड कामाचा नसतो. भूगर्भाचा नकाशा उघडायचा, कुठे कोणता खडक आहे ते बघायचं, मग उपग्रहाच्या चित्रात सकाळ-संध्याकाळच्या लांब सावल्या शोधायच्या. सावली ठळक आणि तुटक असेल तर तिथे उभा दगड आहे, पसरट असेल तर नुसता उतार. एवढं घरी टेबलावरच होतं. प्रत्यक्ष गेल्यावर दहातल्या नऊ ठिकाणी भुसभुशीत ढिगारा निघतो, आणि तरीही माणूस पुढच्या शनिवारी परत निघतो.

सगळ्यात जवळचा दगड आपल्याच जातीचा आहे. गावाबाहेर नदीकाठानं ब्लॅक क्लिफ्स म्हणून कडे आहेत, काळ्याभोर बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीसारख्याच कातळाचे. लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याचे उभे खांब झाले. दोन खांबांच्या मधल्या चिरेत आधी बोटं, मग तळवा, मग मूठ कोंबत वर जायचं. बाबा, तुमची सगळी नोकरी धरणाच्या पायातल्या भेगा बुजवण्यात गेली. तुमची भेग म्हणजे गळती. माझी भेग म्हणजे धरायची जागा. लहानपणी तुम्ही साइटवर मला खडकावर हातोडी वाजवून आवाज ऐकायला शिकवलंत, भरीव की पोकळ. मी आजही वजन टाकण्याआधी प्रत्येक कपार तळहातानं वाजवते. पोकळ वाजली की सोडून देते. इथल्या लोकांनाही ते ठाऊक आहे, पण माझा कान तुमच्याकडून आलाय.

याच राज्याच्या पूर्वेला टीटन धरण होतं. मातीचं. 5 जून 1976 रोजी पहिल्यांदाच भरत असताना ते फुटलं आणि अकरा माणसं गेली. पायाचा ज्वालामुखी खडक चिरांनी भरलेला होता, पाणी त्यातून शिरलं आणि आतली माती घेऊन गेलं. पानशेतबद्दल तुम्ही जे सांगायचात ते सगळं आठवलं, तिथेही धरण पहिल्यांदाच भरत होतं. उरलेला मधला ढिगारा अजून नदीत उभा आहे. तुम्हाला तो दाखवायचाय.

आणि धोंडे? बॉयसीच्या दक्षिणेला स्नेक नदीच्या घळीत, स्वॉन फॉल्स धरणाजवळ, काळ्या दगडांची रास पडली आहे. (धरण 1901 चं, या नदीवरचं पहिलं जलविद्युत धरण, पलीकडच्या डोंगरातल्या खाणींना वीज द्यायला बांधलेलं.) हे दगड गोटे असावेत तसे गोलसर, पण काही खोलीएवढे. ते इथे कुणी आणले? हिमयुग संपत आलं तेव्हा युटाहमध्ये एक प्रचंड सरोवर होतं. ते उत्तरेच्या खिंडीतून फुटलं आणि सुटलेलं पाणी या घळीतून आलं. कोयनेतून 50 हजार क्युसेक सोडले की कराड-सांगलीची झोप उडते. इथला तो पूर, बाबा, तीन कोटी क्युसेकच्या वर होता असा अंदाज आहे. कड्यांचे तुकडे उपटून, घोळून घोळून त्यानं इथे टाकले. मी त्यातल्या एकावर लोंबकळते. अर्थात सगळ्यांवर नाही. काहींवर जुन्या मूळ रहिवाशांनी कोरलेली चित्रं आहेत. त्या दगडांना चढण्यासाठी हात लावायचा नाही, गादीसुद्धा टेकवायची नाही. वरच्या कड्यांवर ससाणे, सुवर्ण गरुड असे शिकारी पक्षी वसंतात शेकड्यांनी घरटी करतात. तेव्हा तिकडे फिरकायचं नाही. आपल्याकडे आग्या मोहोळ हा हिशोब आपोआप शिकवतं, इथे तो आपणच पाळावा लागतो.

थोडं लांब, तीन तासांवर, सिटी ऑफ रॉक्स आहे. आल्मो नावाच्या इवल्याशा गावामागे, 1,800 मीटरच्या आसपास उंचीवर, झुडपांच्या माळरानातून ग्रॅनाइटचे सुळके वर आलेत. जागा 1988 पासून राष्ट्रीय राखीव आहे. मला विचाराल तर या अख्ख्या पट्ट्यात शिकायला याहून चांगली जागा नाही. दगड खरखरीत, वाटा सोप्यापासून भयंकरपर्यंत, आणि सुळके एकमेकांच्या इतके जवळ की ऊन नको असेल तर मागच्या बाजूला जायचं. इथल्या ग्रॅनाइटचं बाहेरचं कवच घट्ट आणि आतला भाग ठिसूळ. अनारशासारखं. कवच फुटलं की वारा-पाणी आत शिरतं आणि खळगे, खिडक्या, कमानी तयार होतात. धरायला त्या छान, पण कडा पातळ असेल तर निघून हातात येते. पुन्हा तेच, वाजवून बघायचं.

तिथे दोन सुळके शेजारी शेजारी आहेत, ट्विन सिस्टर्स. दिसायला जुळ्या, पण एकीचा दगड सुमारे 250 कोटी वर्षांचा आणि दुसरीचा 3 कोटींच्या आसपासचा. आपला दख्खनचा कातळ सहा-साडेसहा कोटींचा, म्हणजे धाकटी आपल्याहून लहान आणि थोरलीपुढे आपण सगळेच बाळं. त्यांच्यावर चढायला बंदी आहे. कारण कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या बैलगाड्यांची वाट इथूनच जायची. 1852 या एका वर्षात 52 हजार माणसं गेली म्हणतात. त्यांनी ज्या खुणा बघितल्या त्या तशाच दिसाव्यात, म्हणून. त्या लोकांनी चाकाच्या वंगणानं दगडांवर आपली नावं लिहिलीत, ती अजून दिसतात आणि आता जपली जातात. अजिंक्यताऱ्यावर नाव लिहिणाऱ्या पोरावर बाबा काठी घेऊन धावले होते ना? दीडशे वर्षं थांबला असता तर त्याचाही वारसा झाला असता.

तिसरी जागा म्हणजे युटाहमधली जोज व्हॅली. इथून सात-आठ तास, म्हणून क्वचितच. कोळशाच्या खाणींचा मुलूख, ऑरेंजव्हिल नावाचं गाव, आणि ओढ्याकाठी विखुरलेले वालुकाश्माचे धोंडे. आकार असे की कुणीतरी चढणाऱ्यांसाठीच घडवलेत. पण वालुकाश्म ओला असताना हात लावायचा नाही. वाळूचे कण धरून ठेवणारा सांधा पाण्यानं मऊ होतो, मग वजन पडलं की होल्ड, म्हणजे धरायची जागा, तुटतो आणि तो कायमचा गेला. वरून कोरडा दिसला तरी पायथ्याची माती उकरून बघायची. ओली लागली तर गावात जाऊन डोनट खायचे आणि घरी परतायचं. एवढं अंतर तोडून आलेल्या लोकांना हे सांगणं अवघड जातं, आणि काहीजण ऐकतही नाहीत. मला त्यांचा राग येतो.

जमिनीचा मालक कोण, हे सगळ्यात महत्त्वाचं. आयडाहोची साठ टक्क्यांहून जास्त जमीन केंद्र सरकारची आहे, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी कुणाला न विचारता जाता येतं. पण मधेच कुणाचं तरी रान लागतं. म्हणून मी सातबारा बघितल्यासारखा नकाशा बघते. पिवळा रंग म्हणजे सरकारी माळ, हिरवा म्हणजे वनखातं, पांढरा म्हणजे खासगी. पांढऱ्यातला दगड कितीही गोड दिसला तरी आधी घरी जाऊन विचारायचं. वाटेत फाटक लागलं तर उघडं असेल तर उघडं आणि बंद असेल तर बंद, जसं होतं तसंच ठेवायचं, नाहीतर गुरं भलतीकडे जातात. बऱ्याच जागा शेवटी चढणाऱ्यांच्या वागण्यानंच बंद होतात.

बाकी माहिती पुस्तकांत आणि वेबसाइटवर आहे, पण खरी माहिती माणसांकडे. दुकानात दोर विकणारा, पार्किंगमध्ये चहा उकळणारी एखादी साठीची बाई. काही जागा ते सांगतात आणि वर म्हणतात, इंटरनेटवर टाकू नकोस. आधी मला हा कंजूषपणा वाटायचा. पण पाच गाड्यांची जागा, शौचालय नाही, आणि कोवळ्या मातीवर पन्नास माणसं आली की काय होतं, ते डोळ्यांनी बघितलंय. म्हणून अशा एका ठिकाणाचं नाव मी या पत्रातही लिहीत नाही. तुम्ही आलात की नेईन.

ऋतू ओळखावा लागतो. हिवाळ्यात खालचा काळा दगड, कारण तो ऊन पितो. उन्हाळ्यात उंचावरचा ग्रॅनाइट, तोही सावलीतला. थंडीत बोटांची पकड चांगली बसते, म्हणून आम्ही वेडे लोक दोन-चार अंशांत स्वेटर काढून दगडाला चिकटतो. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर भरतो, तेव्हा घरीच.

आता आई, तुझं. एकटी जात नाही. दोर असेल तर खाली धरायला कुणीतरी लागतंच. धोंड्यांवर गादी हलवायला आणि पडताना पाठीशी हात द्यायला लागतं. पडणं हा यातला रोजचा भाग आहे, हे लपवत नाही. म्हणून चढायच्या आधी पडायची जागा बघायची, खालचे अणकुचीदार दगड झाकायचे, आणि वरून उतरायची वाट कुठून आहे ते ठरवायचं. ती नसेल तर चढायचंच नाही. घोटा मुरगळण्याची भीती खरी, बाकीच्यांहून जास्त. सापही आहेत, रॅटलस्नेक, पण ते बहुतेकदा आधी शेपटी वाजवून सांगतात. फोनला रेंज नसते, म्हणून उपग्रहावरून निरोप पाठवणारं छोटं यंत्र जवळ असतं. संध्याकाळी "गाडीपाशी आले" असा जो मेसेज तुला येतो तो त्याच्यावरून. तुला तो सकाळी चहाच्या वेळी मिळतो, यात माझा इलाज नाही, घड्याळात साडेबारा तासांचा फरक आहे.

दोघांचा व्हिसा अजून चालू आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातलं तिकीट बघा. तेव्हा ऊनही नाही, बर्फही नाही, आणि धूर बहुधा ओसरलेला असतो. सिटी ऑफ रॉक्समध्ये खडीचा रस्ता सुळक्यांच्या पायथ्यापर्यंत जातो, त्यामुळे तुझ्या गुडघ्याला त्रास नाही. तिथून ईशान्येला टीटन धरण, दोन्ही एकाच फेरीत होईल. बाबांनी त्यांची छोटी हातोडी आणली तरी चालेल, पण ती मोठ्या बॅगेत टाका, विमानात हातात नेऊ देत नाहीत. आणि तिथे ती वाजवायची नाही, बाबा. राखीव जागा आहे. तळहातानंच वाजवा.

तुमची,
मनू

ता. क. बाबांच्या बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या. श्रवणयंत्राचे सेलही जास्तीचे आणा.