आदल्या रात्रीचे बटाटे

हॅनोव्हर
रविवार सकाळ

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, लगदा झाला गं सगळा," आणि तुझा पडलेला आवाज रात्रभर माझ्या कानात राहिला. फ्रायबुर्गला जाऊन तुला जेमतेम तीन आठवडे झालेत. घरची आठवण आली म्हणून ब्राटकार्टोफेल्न, म्हणजे इथले परतलेले बटाटे, करायला गेलीस आणि तेच बिघडले, याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून आज बाबांना चहा-पोहे देऊन लिहायला बसले. फोनवर सांगितलं तर "हो, हो" म्हणशील आणि विसरशील. हे पत्र ओट्यावरच्या कपाटाला आतून चिकटवून ठेव.

तू बटाटे उकडलेस, गरम असतानाच सोललेस, चिरलेस आणि लगेच तव्यात घातलेस. चूक तिथेच झाली. हा पदार्थ आदल्या दिवशी सुरू होतो. फोडणीचा भात आठव. वाफाळत्या ताज्या भाताला फोडणी दिली तर गिच्च गोळा होतो, रात्रीचा भात मात्र सकाळी मोकळा मोकळा परतला जातो. बटाट्याचंही तेच आहे. उकडताना त्यातलं पिठूळ सत्त्व पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं. रात्रभर गार झालं की तेच आवळून घट्ट होतं. मग सुरीखाली चकती मोडत नाही आणि तव्यात विरघळत नाही.

मलाही हे ठाऊक नव्हतं. मी मंचरची. सातगाव पठारावरचा बटाटा आमच्याकडे पोत्याने यायचा आणि आजी त्याच्या काचऱ्या करायची. कच्च्याच बटाट्याच्या, मोहरी-हिंग-हळदीवर, झाकण ठेवून वाफेवर शिजवलेल्या. 1999 साली इथे जर्मनीत आले तेव्हा मला वाटलं, ब्राटकार्टोफेल्न म्हणजे याच काचऱ्या, फक्त हळद नसलेल्या. कच्च्या बटाट्याचेही करतात इथे, पण ओमाला, आपल्या तळमजल्यावरच्या जर्मन आजीला, ते पसंत नव्हते. एका शनिवारी रात्री तिच्याकडे मीठ मागायला तळमजल्यावर गेले, तर एकटीच्या जेवणाला तिनं मोठं पातेलंभर बटाटे उकडले होते. मी विचारलं, इतके कशाला? म्हणाली, "उद्यासाठी." माझ्या माहेरी शिळं म्हणजे उरलेलं, घरातल्या बायकांनी मागाहून गुपचूप संपवायचं. इथे ही बाई दुसऱ्या दिवशीच्या चांगल्या जेवणासाठी मुद्दाम, मानानं बटाटे शिळे करत होती. मला ते इतकं आवडलं की मीठ घ्यायचंच विसरले.

आता बटाटा कोणता घ्यायचा ते सांगते. दुकानात जाळीच्या पिशवीवरची चिठ्ठी वाच. त्यावर फेस्टकोखेंड, म्हणजे शिजूनही घट्ट राहणारा, असं लिहिलेलं हवं. बहुतेक पिशव्यांवर त्याला हिरवा रंग असतो. निळा रंग म्हणजे मेलिशकोखेंड, पिठूळ बटाटा. तो बटाटेवड्याला उत्तम, तव्यात मात्र त्याचा भुगा होतो. मधला लाल एक वेळ चालेल. ओमा फक्त लिंडा जातीचा आणायची, पिवळ्याधमक गराचा, लोण्यासारख्या चवीचा. त्या लिंडाची तर मोठी लढाईच झाली. तिच्या बियाण्याचे हक्क 30 वर्षांनी, 2004 मध्ये संपत आले तेव्हा हक्कदार कंपनीनं ती जातच बाजारातून मागे घ्यायचं ठरवलं. इकडे हाइडेतले, म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या माळरानातले, शेतकरी आणि बटाटा खाणारी साधी माणसं हटून बसली, वर्षानुवर्षं भांडली आणि 2010 मध्ये लिंडाला पुन्हा रीतसर मान्यता मिळाली. तू तेव्हा लहान होतीस. ओमानं ती बातमी वाचून आपल्या दारावर टकटक केली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एका बटाट्यासाठी माणसं भांडतात याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. लिंडा मिळाली तर घे. नाहीतर सीग्लिंडं, निकोला, अ‍ॅनाबेल, कुठलाही हिरव्या चिठ्ठीचा.

दोघींपुरते 600 ग्रॅम पुरतात. एकसारख्या आकाराचे निवड, म्हणजे एकदम शिजतील. सालासकट, थंड पाण्यात, चमचाभर मीठ आणि अर्धा चमचा क्युमेल घालून उकड. क्युमेल म्हणजे आपलं जिरं नव्हे, हे लक्षात ठेव. इथल्या पहिल्याच महिन्यात मी क्युमेलची आमटीला फोडणी दिली होती आणि बाबांनी एक घास घेऊन चमचा खाली ठेवला होता. जिऱ्याला क्रॉयत्सक्युमेल म्हणतात. सुरी टोचली की सहज आत जावी, पण बटाटा फुटू नये, इतकंच शिजव. पाणी ओतून टाक, वाफ जाऊ दे, कोमट झाले की सोल आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. कच्चे बटाटे मात्र फ्रिजमध्ये ठेवू नकोस. फार थंडीत त्यांच्यातल्या पिठाची साखर होते, मग ते तव्यात आत शिजायच्या आधीच काळे पडतात, आणि तो काळेपणा तब्येतीला बरा नाही. सोनेरी रंगावर थांबायचं. हिरवट झालेला भाग किंवा मोड दिसले तर खोलवर कापून टाक, कडवट लागला तर खाऊच नकोस.

साल सोलताना हात हलका ठेव. ओमाच्या हातून उकडलेल्या बटाट्याची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायची. एकदा मी कच्चा बटाटा जाड सोलत होते, तेव्हा तिनं माझा हात धरला. मग सांगितलं. 1946-47 च्या हिवाळ्यात ती आठ वर्षांची होती. हॅनोव्हरचा निम्मा गाव बॉम्बनी पडलेला, वडील युद्धावरून आलेच नाहीत, कार्डावर मिळणारं अन्न पुरत नव्हतं. तिची आई तिला घेऊन, खच्चून भरलेल्या गाडीनं हाइडेतल्या खेड्यांत जायची. इथे त्याला हामस्टरफार्ट म्हणत. लग्नातले चांदीचे चमचे, भरतकामाच्या चादरी शेतकऱ्यांना द्यायच्या आणि बदल्यात अर्धी झोळी बटाटे आणायचे. परतताना स्टेशनवर पोलिसांनी पकडलं तर तेही जप्त. सालींचं सूप प्यायलंय तिनं. तेव्हापासून मी जाड साल काढलेली नाही, आणि तूही काढू नयेस असं मला मनापासून वाटतं.

त्याच दिवशी तिनं मला ब्राटकार्टोफेलफेरहेल्टनिस हा लांबलचक शब्द शिकवला. परतलेल्या बटाट्यांचं नातं. युद्धविधवेनं पुन्हा लग्न केलं की तिचं पेन्शन बंद व्हायचं, म्हणून कितीतरी जणी लग्न न करताच कुणाबरोबर संसार करायच्या आणि लोक त्याला हे नाव ठेवायचे. तिच्या आईच्या घरी असाच एक माणूस राहायला आला. गल्लीत कुजबुज व्हायची. ओमा म्हणाली, "मला सायकल त्यानंच शिकवली, आणि रविवारी तव्यासमोर तोच उभा राहायचा." ही परतायची पद्धत म्हणजे त्या माणसाची. मी ती ओमाकडून घेतली, आता तू माझ्याकडून घे.

बटाट्याच्या चकत्या कर, अर्ध्या सेंटिमीटरहून किंचित कमी जाड. तवा मध्यम आचेवर नीट तापू दे. त्यात दोन मोठे चमचे बुटरश्माल्त्स घाल. ते म्हणजे तूपच, माऊ. लोण्यातलं पाणी आणि बेरी काढून टाकलेली असते, म्हणून नुसत्या लोण्यासारखं ते तापल्यावर करपत नाही. आपल्या रवाळ तुपाचा वास त्याला नाही, पण जात तीच. ओमा स्वतःसाठी डुकराचा श्पेक परतून त्याच्या चरबीत करायची, पण बाबा खात नाहीत म्हणून आपल्याला द्यायचे ते वेगळ्या तव्यात, तुपात. कधी विसरली नाही.

चकत्या एकाच थरात पसर. मावत नसतील तर दोनदा कर, पण थरावर थर नको, नाहीतर परतायच्या ऐवजी त्या वाफवल्या जातात. आणि मग हात मागे घे. मला उलथनं हातात घेऊन सारखं ढवळायची सवय, काचऱ्यांची. ओमा माझ्या मागे उभी राहून म्हणायची, "लास झी लीगन." पडू दे त्यांना. पाच-सहा मिनिटं हात लावायचा नाही. खालची बाजू कडक झाली की चकती आपोआप तवा सोडते. सुटत नसेल तर तयार नाही, ओढू नकोस. मग एकेक उलट. दुसरी बाजूही तशीच. या सगळ्याला वीस मिनिटं लागतात आणि ती घाई केली तर वाया जातात.

कांदा शेवटच्या सहा-सात मिनिटांत, बारीक चिरून. सुरुवातीला घातलास तर बटाटा सोनेरी होईस्तोवर तो जळून कडू होतो. मीठ, ताजी मिरपूड अगदी शेवटी, कारण मीठ पाणी सोडायला लावतं. आणि मायोरान, चिमटीत चुरडून. पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी ओमाच्या स्वयंपाकघरात रडले होते. तो मरवा होता, गं. आजीच्या गजऱ्यातला मरवा. मंचरला आम्ही तो केसांत माळायचो, देवाला वाहायचो, आणि इथे तो बटाट्यावर पडत होता.

सोबत एक श्पीगलआय, म्हणजे तव्यावर फोडलेलं अंडं, कर, पिवळं न मोडता, आणि एखादी आंबट काकडी. तुमच्याकडे दक्षिणेत ब्राटकार्टोफेल्नना ब्रेगेले म्हणतात आणि बिबेलेसकेसबरोबर खातात. तो म्हणजे चक्क्यासारख्या क्वार्कमध्ये कांदा आणि बारीक चिरलेली श्निटलाउखची पात. कुणी बोलावलं तर आवर्जून खाऊन ये आणि मला सांग कसं लागतं.

ओमाचा बिडाचा तवा, जो तिनं जायच्या आधी माझ्या हातात दिला, तो मी तुला पाठवतेय. बाबा म्हणाले जड आहे, राहू दे. पण तुझ्याकडच्या त्या पातळ तव्यावर कुणालाच हे जमणार नाही. साबण लावायचा नाही, डिशवॉशरमध्ये घालायचा नाही, हे तिथल्या सगळ्यांना सांग. गरम असतानाच पाण्यानं आणि ब्रशनं घास, गॅसवर सुकव, तेलाचं बोट फिरव. कधी गंजला तर तेल, मूठभर मीठ आणि बटाट्याच्या साली घालून काळ्या होईपर्यंत परत, साली फेकून दे, पुसून घे. पुन्हा चकचकीत होतो.

पार्सल बुधवारी पोचेल. मंगळवारी रात्री बटाटे उकडून ठेव.

तुझी
आई