जळक्या वाळूच्या अहवालात सेंद्रिय संयुगांचा रकाना हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरातल्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, एकतीस वर्षं कोअर शॉपला काढली. ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात वाळूचे गाभे बसवतात, ते कोअर तिथं बनतात. आता करवीर तालुक्यात शेती बघतो. मार्चमध्ये आमच्या पाणंदीत भराव म्हणून जळक्या वाळूच्या, म्हणजे फाउंड्रीच्या साच्यात वापरून झालेल्या वाळूच्या, ट्रॉल्या येऊन पडल्या. थोडी पसरली, बाकीचा ढीग तसाच. काळीभोर वाळू, त्यात न फुटलेले कोअरचे तुकडे. पहिल्या वळवाला काळं पाणी ओढ्यात उतरलं आणि वासही तोच आला, साच्याच्या बॉक्समध्ये लोखंड ओतताना नाकात बसायचा तो.

तो वास वाळूचा नव्हे. कोअर बांधायला फिनॉलिक रेझिन लागतं, ग्रीन सँडमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, बेंटोनाइट मातीबरोबर कोळशाची भुकटी असते. तापलेलं लोखंड पडलं की हे सगळं अर्धवट जळतं. त्यातून बेंझिन, टोल्युइन, फिनॉल, नॅप्थलीन तयार होतात, बेंझोपायरीनही. बेंझिन आणि बेंझोपायरीनमुळे माणसाला कर्करोग होतो, यावर आता वाद उरलेला नाही.

चौकशी केली तेव्हा मला वाळूच्या तपासणीचा अहवाल दाखवला. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, निकेल, सगळं मर्यादेत. सेंद्रिय संयुगांचा, म्हणजे वरच्या बेंझिन-फिनॉलसारख्यांचा, रकानाच नाही! घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत मात्र धातूंबरोबर बेंझिनचीही मर्यादा आहे, निक्षालनात, म्हणजे वाळू घुसळलेल्या द्रावणात, लिटरला ०.५ मिलिग्रॅम.

तक्रारीनंतर पुन्हा नमुना घ्यायला माणूस आला. ढिगाच्या वरची दोन ओंजळी वाळू प्लास्टिकच्या पिशवीत भरली आणि मे महिन्याच्या उन्हात गाडीच्या डिकीत टाकली. बेंझिन तर वाटेतच उडून जाणार. काचेची बरणी, टेफ्लॉनच्या अस्तराचं झाकण, वर मोकळी जागा न ठेवता काठोकाठ भरणं, बर्फाची पेटी, ढिगाच्या आतून वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने, एवढं तरी हवंच. प्रयोगशाळेत निक्षालनासाठी वाळू आम्लाच्या द्रावणात अठरा तास घुसळतात, पण उडून जाणाऱ्या संयुगांसाठी ते भांडं हवाबंद लागतं. शिवाय बेंझोपायरीनसारखी संयुगं पाण्यात फारशी विरघळत नाहीत, काजळीला धरून बसतात. त्यासाठी निक्षालनाबरोबर वाळूतलं एकूण प्रमाणही मोजावं लागतं.

कारखान्यांवर माझा राग नाही. त्याच भाकरीवर माझी पोरं शिकली. वाळू नीट भाजून रेझिन जाळून टाकलं तर ती पुन्हा वापरता येते, हेही मी पाहिलं आहे. पण गावाला वाळू देण्याआधी प्रत्येक कारखान्याच्या वाळूची ही पूर्ण तपासणी सक्तीची करावी आणि अहवाल चावडीवर लावावा. आमची पाणंद पूररेषेत आहे, २०१९ आणि २०२१ ला ती पाण्याखाली होती.

ढिगापासून पन्नास पावलांवर विहीर आहे, चार घरं तिचं पाणी पितात. पिण्याच्या पाण्यात फिनॉलची मर्यादा लिटरला अवघी ०.००१ मिलिग्रॅम. पावसाळा तोंडावर आहे. ढीग उचलेपर्यंत निदान ताडपत्री घाला आणि त्या विहिरीचं पाणी या आठवड्यात तपासा.

आपला,
एक निवृत्त कोअरमेकर
ता. करवीर, जि. कोल्हापूर